चार अक्षरांचं स्थळ



गेल्या महिन्यात लेकीसाठी एक स्थळ आलं. मुलगा इंजिनिअर, घर निर्व्यसनी, पाहुणे सांगलीकडचेच. बायोडाटा नेहमीसारखा, जन्मवेळ, उंची, मामाचं गाव. छंदांच्या खाली मात्र एक नवीनच ओळ होती, ‘व्यक्तिमत्त्व प्रकार : आयएसटीजे’. मला वाटलं एखादी डिग्री असेल. लेक हसली आणि कागद माझ्या हातात परत देत म्हणाली, "आई, मी आयएनएफपी आहे. चारातली तीन अक्षरं उलटी. भेटून काय करू?"

छत्तीस गुणांच्या मागे लागू नये म्हणून मी स्वतः किती जणींशी वाद घातलाय! आणि आता माझ्याच घरात चार अक्षरांवरून स्थळ परत चाललं होतं. मग म्हटलं, आधी हे काय आहे ते समजून तरी घेऊ.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. माणूस चार माणसांत खुलतो की एकांतात, यावरून ई किंवा आय. समोर दिसतं, मोजता येतं त्यावर आधी नजर जाते की त्यामागच्या शक्यतांवर, यावरून एस किंवा एन. निर्णय घेताना नियम आणि परिणाम आधी की माणसं आधी, यावरून टी किंवा एफ. आणि ठरवून जगायला आवडतं की वेळ येईल तसं, यावरून जे किंवा पी. अशा चार जोड्या, त्यांतून १६ प्रकार. यात हुशारी किंवा चांगुलपणा मोजत नाहीत, फक्त कल बघतात. उजव्या हाताने लिहिणाऱ्या बाईला डावा हात असतोच की, तसं.

मूळ विचार स्वित्झर्लंडच्या कार्ल युंग यांचा, त्यांचं पुस्तक १९२१ सालचं. चाचणी मात्र अमेरिकेतल्या दोन मायलेकींनी तयार केली, कॅथरीन ब्रिग्ज आणि इसाबेल मायर्स. दोघींपैकी कुणीही मानसशास्त्राची पदवी घेतलेली नव्हती. आणि हे सगळं सुरू झालं ते जावयावरून! इसाबेलने लग्न ठरवलेला मुलगा घरी आणला. मुलगा भला, पण यांच्या घरातल्या कुणासारखाच नाही. हे स्वप्नाळू, पुस्तकी लोक. तो व्यवहारी, तपशिलाचा पक्का. आईला प्रश्न पडला की माणसं इतकी वेगळी कशी असतात, आणि ती शोधाला लागली. आपण अशा वेळी काय करतो? ‘आपल्यातला वाटत नाही’ म्हणतो आणि उठतो. पुढे दुसऱ्या महायुद्धात बायका मोठ्या संख्येने कारखान्यांत जाऊ लागल्या, तेव्हा कुणाला कोणतं काम मानवेल हे कळावं म्हणून इसाबेलने प्रश्नावली करायला घेतली.

आता गंमत ऐका. इसाबेल आयएनएफपी होती आणि तिचा नवरा आयएसटीजे. १९१८ साली लग्न झालं आणि साठ वर्षांहून जास्त संसार झाला. हे लेकीला सांगितलं तेव्हा ती गप्प बसली. फार वेळ नाही, पण बसली.

चाचणीवर टीकाही पुष्कळ आहे आणि मला ती पटते. काही आठवड्यांनी पुन्हा दिली तर बऱ्याच जणांचं एखादं अक्षर बदलतं, कारण कितीतरी माणसं मधेच कुठेतरी असतात आणि चाचणी त्यांना इकडे नाहीतर तिकडे ढकलते. नोकरीला माणूस निवडण्यासाठी ही वापरू नका, असं ती चालवणारेच सांगतात. मग नवरा निवडायला कशी चालेल?

तरीही टी आणि एफची जोडी वाचताना मी थबकले, कारण माझा सत्तावीस वर्षांचा संसार तिथे बसलेला दिसला.

सासरे गेल्यावर गावाकडचं जुनं घर विकायचं की ठेवायचं हा प्रश्न आला. तिथे दीर-जाऊबाई राहतात. ह्यांनी वहीत मांडलं: छपराचा खर्च, मागच्या भिंतीला गेलेला तडा, प्रत्येकाचा वाटा. मी वही बघितलीसुद्धा नाही. "जाऊबाईंना या वयात घराबाहेर काढणार का?" एवढंच माझं. दोन महिने हे मला भाबडी समजले आणि मी ह्यांना दगड समजले. बोलणं मीठ-तेलापुरतं उरलं होतं. शेवटी दिवाळीत जाऊबाईच म्हणाल्या, "ताई, मला त्या घरात पावसाळ्यात झोप लागत नाही. लेकाजवळ राहायला जायचंय, पण विचारलं कुणी?"

खरंच, कुणी विचारलं नव्हतं. ह्यांच्या वहीत तो रकानाच नव्हता. आणि मी, माणसांचा विचार करणारी, मी तर त्यांच्या वतीने परस्पर दुःखी होऊन मोकळी झाले होते. ती भिंत आधी ह्यांनाच दिसली होती, हे कबूल करायला मला अजून जड जातं. (अमेरिकेतल्या आकड्यांत बायकांचा कल एफकडे जास्त दिसतो म्हणे. तो जन्मजात की भाकरी कुणाला कमी पडली ते बघण्याच्या सवयीने आलेला, कोण जाणे.)

माझं म्हणणं इथेच आहे. पाठशाळेत आपण सगळ्यांनी लेश्यावृक्षाचं चित्र पाहिलंय. सहा भुकेले वाटसरू आणि एक जांभळाचं झाड. एकजण मुळासकट तोडायला निघतो, कुणी खोड, कुणी फांदी, कुणी घोस, कुणी फक्त फळं, आणि शेवटचा खाली पडलेली जांभळं वेचतो. कृष्णापासून शुक्लापर्यंत. तिथे पायऱ्या आहेत, आणि भाव बदलला की लेश्या बदलते. कलांना अशा पायऱ्या नाहीत. पण घरात आपण त्या लावतो. माझा कल तो शुक्ल, तुमचा तो कृष्ण. हिशेब मांडणारा माणूस कठोर ठरतो, न बोलणारी सून शिष्ट ठरते, आयत्या वेळी बेत बदलणारी नणंद बेजबाबदार. दहा दिवस क्षमा, मार्दव ऐकून घरी येतो आणि जेवायला बसताच पुन्हा तेच.

इसाबेल मायर्स यांनी निर्णयासाठी एक क्रम सुचवला आहे, तो मला स्वयंपाकघरातही उपयोगी वाटला. आधी नुसती वस्तुस्थिती बघा. मग आणखी काय काय होऊ शकतं ते. मग प्रत्येक वाटेचा परिणाम. आणि मग त्याचा माणसांवर काय परिणाम होईल ते. चारही करायचं, स्वतःला जे नकोसं वाटतं तेसुद्धा. मला तिसरं नकोसं वाटतं, म्हणून ते ह्यांना विचारते. पूर्वी विचारण्याआधीच भांडायचे.

स्थळाच्या वेळी आम्ही तिघं असेच बसलो. वस्तुस्थितीच्या खाली लेकीने लिहिलं: अजून भेटलेलोच नाही. मग ती भेटली. दोन तास बोलली. मुलगा तिला आवडला, शांत आहे, ऐकून घेतो म्हणाली. पण त्याला पुढच्या वर्षी जर्मनीला जाऊन तिथेच स्थायिक व्हायचंय आणि हिला इथली शाळेतली नोकरी सोडायची नाही. तिने नकार दिला.

पाहुण्यांना कसं सांगायचं म्हणून मी अर्धं पान वाक्यं लिहून दिली होती. ह्यांनी कागद बाजूला ठेवला, फोन लावला, कारण सरळ सांगितलं आणि दोन मिनिटांत संपवलं. पलीकडून मुलाची आई म्हणाली, बरं झालं स्पष्ट सांगितलंत, तुमच्या ओळखीत दुसरी मुलगी असेल तर कळवा.