मातीच्या भिंतीची दोन नावे

मालक पाहून वस्तूस नाव देण्याची रीत आपल्या समाजात फार जुनी आहे. ज्वारीची भाकरी मजुराच्या फडक्यात बांधलेली असली म्हणजे ती कदान्न, आणि तीच धनिकाच्या ताटात आली म्हणजे आरोग्यदायी आहार. अलीकडे हाच न्याय मातीच्या भिंतीस लागू झाला आहे. बार्शीटाकळीच्या आसपासच्या खेड्यात एखादा शेतकरी मातीच्या भिंतींच्या, धाब्याच्या घरात राहत असला तर ते घर 'कच्चे' ठरते. जनगणनेच्या वर्गीकरणात माती, न भाजलेली वीट, बांबू आणि गवत ही तात्पुरत्या घराची साहित्ये म्हणून नोंदली जातात, आणि असे घर पाहून मुलगी देताना सोयरे नाक मुरडतात. परंतु तीच भिंत शहरातल्या कोणा भांडवलवाल्याने रानाच्या कडेला उभारली, तिला शेणाचे सारवण केले आणि दारावर 'वेलनेस रिसॉर्ट' अशी पाटी लावली, की ती लगोलग 'नैसर्गिक' होते. मग तिच्या आश्रयास एक रात्र काढण्यासाठी आपल्यासारखे सुशिक्षित लोक आनंदाने थैली मोकळी करतात.

आमचा विरोध मातीस नाही, हे आरंभीच सांगितले पाहिजे. किंबहुना ह्या भूमीत मातीने बांधण्याचे शास्त्र किती खोल आहे, ह्याची जाणीव नव्या आरोग्यधामांच्या आराखड्यांत फारशी दिसत नाही, हीच आमची तक्रार आहे. वऱ्हाडची काळी माती कपाशीस आईसारखी, पण घराच्या पायास सावत्र. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात तडकते आणि भिंतीस आपल्याबरोबर ओढते. म्हणून जुने गवंडी काळी खणून मुरूम लागेपर्यंत पाया नेत, दगडाचे जोते उचलून भिंत ओलीपासून दूर ठेवीत आणि धाब्यावर पांढरी माती दाबून पसरीत. काळी पिकासाठी, पांढरी वस्तीसाठी, हा विवेक आपल्या भाषेतच मुरलेला आहे. अकोल्यास पारा 45 अंशांच्या पलीकडे जातो, तेव्हा जाड मातीच्या भिंतीतून दुपारचे ऊन आत झिरपण्याच्या आतच संध्याकाळ होते. टिनपत्र्याच्या छतास हे साधत नाही. तुराटी-पऱ्हाटीचा कूड, बाभळीचे लाकूड, ओढ्याकाठचा दगड हे सारे हाताशी आहे. दगडाविषयी शंका असेल त्याने बार्शीटाकळीतील बाराव्या शतकातले देवीचे हेमाडपंती मंदिर पाहावे. उलट सिमेंटच्या निर्मितीतून, मनुष्याने वातावरणात सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे सात-आठ टक्के वायू बाहेर पडतो. तेव्हा मातीची बाजू मुळात बळकट आहे. प्रश्न एवढाच की, ती लढवितो कोण आणि कोणासाठी?

'स्थानिक साहित्य' हा शब्द आज जाहिरातीत सैलपणे वापरला जातो. त्याचा कसून अर्थ पाहावयाचा असेल तर वऱ्हाडाशेजारच्या वर्ध्यास जावे. 1936 साली गांधीजी सेगावास, म्हणजे पुढच्या सेवाग्रामास, राहावयास गेले. तेथील घर आसपास मिळणाऱ्या साहित्याचे आणि गावच्या मजुरांच्या हातचे असावे, खर्च अगदी बेताचा राहावा, अशी त्यांची अट होती. माती, बांबू आणि कौले ह्यांची ती वास्तू आजही उभी आहे. ह्या अटीतील मर्म काटकसरीत नाही. जे घर गावकऱ्याला स्वतः बांधता येईल आणि पडले तर स्वतः दुरुस्त करता येईल, तेच स्थानिक, असा तिचा अर्थ आहे. माती गावची, पण आराखडा मुंबईचा, कारागीर परप्रांतीचे आणि पाहुणे पुण्याचे असतील, तर त्या इमारतीत गावचे असे उरले काय? केवळ धूळ!

निसर्गोपचाराची कथाही अशीच बोधप्रद आहे. गरिबांसाठी निसर्गोपचार-गृह पुणे शहरात काढण्याचा गांधीजींचा बेत होता. परंतु खेड्यातला रोगी शहरात येऊ शकत नाही, आपणच त्याच्याकडे गेले पाहिजे, हे ध्यानी येताच त्यांनी तो बेत सोडला आणि मार्च 1946 मध्ये उरुळी कांचन गाठले. तेथील आश्रमाचा भार पुढे मणिभाई देसाई ह्यांनी वाहिला. माती, पाणी, सूर्यप्रकाश आणि हवा ह्यांनी रोग बरे करावयाचे, ते ही द्रव्ये गरिबाच्याही दाराशी आहेत म्हणून. निसर्गोपचाराचा नैतिक आधारच हा होता. त्याच 1946 साली डॉ. शिवाजीराव पटवर्धन ह्यांनी अमरावतीस तपोवन उभारले, तेही समाजाने घराबाहेर काढलेल्या कुष्ठरोग्यांसाठी. ह्या परंपरेचे नाव घेऊन तिचे दार गरिबास बंद करणे, ह्यास आम्ही वारसा म्हणू शकत नाही.

ह्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, अशा धामांमुळे गावास रोजगार मिळतो. मिळतो खरा, पण कोणता? झाडलोट, भांडी आणि फाटकावरची राखण. ज्याच्या आजोबांनी वाडे बांधले त्या गवंड्याच्या नातवाने पाहुण्यांच्या पेट्या उचलाव्या, ह्यास उन्नती म्हणणे कठीण आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. खेडुतालाच सिमेंटचे घर हवे असताना प्राध्यापकांनी मातीची महती गावी हा ढोंगीपणा होय, असे कोणी म्हणेल. आम्ही खेडुतास दोष देत नाही. मातीचे घर दरवर्षी सारवावे लागते, लिंपावे लागते, आणि ते श्रम आजवर घरच्या बायकांनी कवडीही न घेता केले. ते नको असणे स्वाभाविक आहे. म्हणूनच ज्याच्यापाशी पैसा आहे त्याने मातीत बांधताना ह्या श्रमाचे मोल रोकडे मोजले पाहिजे. मातीच्या भिंतीचा वार्षिक खर्च हा तिचा दोष मानला जातो. पण योग्य मजुरी दिली तर तो पैसा सिमेंटच्या कारखान्याकडे न जाता गावातच राहतो.

आणि पाण्याचे काय? महानच्या काटेपूर्णा धरणावर अकोला शहराची तहान भागते. त्याच तालुक्यात वैशाखात पोहण्याचा तलाव भरून त्याच्या काठी 'निसर्गसान्निध्य' विकणे, हा तर निसर्गाचा उघड उपमर्द आहे.

वाचकहो, अशा आरोग्यधामांचे ग्राहक आपणच आहोत. तेव्हा ह्या गोष्टीचा निकालही आपल्याच हाती आहे. बार्शीटाकळीच्या परिसरात असे धाम उद्या निघाले, तर तेथे खोली राखून ठेवण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. ही भिंत कोणत्या गावच्या गवंड्याने बांधली, आणि त्याच्या हाताखाली किती मुले शिकली? ती सारवणाऱ्या बाईस रोज काय मिळतो? पाणी कोठून येते? आणि पाठीच्या दुखण्याने वाकलेली शेजारच्या शेतातली मजूरबाई येथे उपचारासाठी आली, तर तिला आत घेतात काय? उत्तरे समाधानकारक मिळाली तर अवश्य जावे, आणि परत आल्यावर आपले स्वतःचे घरही त्या गवंड्याकडून बांधून घेण्याचा विचार करावा. न मिळाली, तर आपण आरोग्य घेत नसून गरिबाच्या घराचा देखावा भाड्याने घेत आहोत, हे ओळखून पैसे खिशातच ठेवावेत.