आजार घोडीला, इंजेक्शन अंदाजाला



यावेळी विषय जरा वेगळा आहे. घोड्यांच्या रक्ताची तपासणी! हसू नका, पुरतं वाचा आणि मग हसा.

माझा एक जुना विद्यार्थी वरातीसाठी घोड्या भाड्याने देतो. गणितात यथातथाच होता, पण जनावरावर जीव टाकणारा. गेल्या लग्नसराईत त्याची पांढरी घोडी तापली. चंदी सोडली, डोळे पिवळट पडले, लघवी गडद झाली. कुणी म्हणालं ऊन लागलं, कुणी म्हणालं कावीळ. दोन दिवस दोन वेगवेगळी इंजेक्शनं झाली. चौथ्या दिवशी घोडी गेली. रक्ताचा एक थेंबही कुणी काचेवर घेतला नाही. डॉक्टरांना मी दोष देत नाही, एका माणसाच्या मागे किती गावं ते मला ठाऊक आहे.

तो घरी आला तेव्हा रडला नाही. एवढंच म्हणाला, "बाई, तिला नेमकं झालं तरी काय होतं? तबेल्यात दुसरी आहे. तिचं काय करू?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून शब्दकोश जवळ घेऊन, नातीला मदतीला बसवून वाचायला लागले. घोड्यांना गोचिडांमुळे रक्ताचा एक आजार होतो, पायरोप्लाझ्मोसिस. त्याचे मुख्य परजीवी दोन, थायलेरिया इक्वी आणि बबेसिया कॅबाली. ते तांबड्या पेशींत शिरून त्या फोडतात, म्हणून ताप, पंडुरोग, कावीळ. आपल्या देशात हा आजार आहेच. गंमत म्हणजे (गंमत कसली!) 'सर्रा' नावाच्या दुसऱ्या आजारातही ताप आणि पंडुरोग असतोच, पण त्याचा परजीवी निराळा आणि नेहमीचं औषधही निराळं. बाहेरून पाहून फरक करणं अवघड. आमच्यात म्हण आहे ना, आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. इथे आजार घोडीला आणि इंजेक्शन अंदाजाला!

मी आयुष्यभर पेपर तपासले. मुलाच्या तोंडाकडे पाहून गुण दिले असते तर पालकांनी मला शाळेत राहू दिलं असतं का?

आता चाचण्यांविषयी. काचेवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं ही सगळ्यात जुनी आणि स्वस्त रीत. अंगात ताप असताना परजीवी दिसू शकतात, पण आजार जुना झाला की ते इतके थोडे उरतात की नजरेतून निसटतात. एलायझा अँटिबॉडी शोधते, पण पहिल्या काही दिवसांत अँटिबॉडी तयारच नसतात. पीसीआर मात्र थेट परजीवीचा डीएनए शोधते. कोरोनात आपण सगळ्यांनी नाकात काडी घालून घेतली, तीच जातकुळी. याच कुळातली 'लॅम्प' ही रीत जपानी संशोधकांनी 2000 साली मांडली. तिला पीसीआरसारखं तापमान वरखाली करणारं महागडं यंत्र लागत नाही. साधारण 60 ते 65 अंशांवर नमुना तासभर ठेवला की काम होतं, आणि निकाल रंगावरूनही ओळखता येतो. म्हणजे ही चाचणी तालुक्यापर्यंत यायला विज्ञानाची आडकाठी नाही. आडकाठी आपल्या मनाची आहे.

माझा पुण्याचा भाचा (हे वाचणार आहेच तो!) जेवताना म्हणाला, "मावशी, माणसाला वेळेवर टेस्ट मिळत नाही आणि तू घोड्याला पीसीआर मागतेस?"

बाळा, त्या घोडीवर एक माणूस, त्याची बायको आणि शाळेत जाणारी दोन मुलं जगत होती. आणि घोड्यांना या चाचण्या मिळत नाहीत असंही नाही. मेरठच्या लष्करी केंद्रातल्या घोड्यांच्या विभागाला जुलै 2025 मध्ये जागतिक पशुआरोग्य संघटनेने रोगमुक्त म्हणून मान्यता दिली. ज्या आजारांपासून मुक्त, त्या यादीत पायरोप्लाझ्मोसिसही आहे. मला त्याचा अभिमानच आहे. त्यामुळे आपल्या घोड्यांना परदेशी स्पर्धांना जाणं सोपं होईल. घोड्यांवर काम करणारी राष्ट्रीय संस्थाही हिस्सारला आहे. म्हणजे ज्ञान आहे, माणसं आहेत. परदेशी जाणाऱ्या घोड्याचं रक्त तपासायचं आणि वरातीच्या घोडीला अंदाजाने टोचायचं, हा भेद मला मान्य नाही.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे, तो लपवत नाही. आजार मुरलेल्या भागात धडधाकट घोड्याच्या रक्तातही परजीवी सापडतो. थायलेरिया एकदा शिरला की बहुधा जन्मभर राहतो. तेव्हा चाचणी 'हो' म्हणाली म्हणून आजचा ताप त्याचाच, असं नाही. डॉक्टरांची बुद्धी लागणारच. पण बुद्धीला काहीतरी आधार तर द्याल? आणि निदान काचेवरचा थेंब तरी आधी घ्याल?

मालक तपासणीला घाबरतात, कारण ग्लँडर्स निघाला तर घोडा कायद्याने मारावा लागतो. हा आजार तसा नव्हे. तो नुसत्या शिवण्याने पसरत नाही. पसरतो गोचिडाने, आणि एकाची सुई दुसऱ्याला वापरल्याने. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये 2008 साली घोड्यांत हा आजार सापडला, तेव्हा बोट गोचिडांकडे नव्हे तर सुयांकडेच गेलं. म्हणजे एका सुईने ओळीने टोचत गेलो, तर उपचारच आजार वाटत फिरतो.

माझं मागणं फार नाही. तापलेल्या घोड्याला टोचण्याआधी रक्ताची काच आणि एक नळी घ्यावी. जिल्ह्याच्या ठिकाणी ती तपासण्याची सोय असावी, आणि निकाल मालकाला त्याच्या भाषेत कळावा.

दुसरी घोडी अजून तबेल्यात आहे. विद्यार्थी रोज खरारा करताना कानामागे, शेपटीखाली गोचीड शोधतो. तिच्या रक्ताचा नमुना पाठवायची खटपट मी आणि तो मिळून करतो आहोत. काय निघालं ते इथे लिहीनच.

असो. तुमच्यापैकी कुणी पशुवैद्यक असेल, तर माझं कुठे चुकलं ते जरूर सांगा. तांबड्या शाईची मला सवय आहे, यावेळी ती तुमच्या हातात!