जठराचा कर्करोग : शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर

जठराचा कर्करोग म्हणजे शस्त्रवैद्याचे काम, अशी समजूत आपल्याकडे अजून दृढ आहे. 1881 च्या जानेवारीत व्हिएन्ना येथे थिओडोर बिलरोथ याने जठराचा रोगग्रस्त भाग काढून टाकण्याची शस्त्रक्रिया प्रथम यशस्वी केली. परंतु त्याची रुग्ण काही महिन्यांतच त्याच रोगाने दगावली. शस्त्राला न दिसणाऱ्या पेशी मागे उरतात, हे त्या यशातच उघड झाले होते.

या पेशींचा समाचार रासायनिक औषधांनी घ्यावा, तोही शस्त्रक्रियेच्या आधी व नंतर, हा विचार 2006 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील 'मॅजिक' चाचणीने रुजविला. केवळ शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी पाच वर्षांनी शेकडा 23 जिवंत होते. औषधांची जोड मिळालेल्यांपैकी 36. आधी औषध का, असे वाचक विचारतील. जठर गमावलेल्या माणसाला अन्नच नीट घेता येत नाही. त्याच चाचणीत सर्व मात्रा पूर्ण करू शकलेले रुग्ण निम्म्याहून कमी होते. म्हणून देता येईल तेवढे आधीच द्यावे.

आता तिसरा सोबती आला आहे. कर्कपेशी आपल्या पृष्ठभागावरील एका प्रथिनाच्या साह्याने रक्तातील लसिकापेशींना जणू थोपवून धरतात. ड्युर्व्हालुमॅब हे प्रतिपिंड ते प्रथिन झाकून टाकते, आणि थांबलेला हल्ला पुन्हा सुरू होतो. गाठ शरीरात असतानाच हे औषध दिले, तर लसिकापेशींना शत्रूची ओळख अधिक चांगली पटते, असा तर्क आहे. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'मॅटरहॉर्न' चाचणीत 948 रुग्ण होते. चार रासायनिक औषधांसह ड्युर्व्हालुमॅब मिळालेल्यांपैकी दोन वर्षांनी शेकडा सुमारे 67 'घटनामुक्त' होते. केवळ रासायनिक औषधे मिळालेल्यांपैकी 58 ते 59. (हा शब्द मराठीत फारच भोळा वाटतो. घटना म्हणजे येथे रोग वाढणे, उलटणे किंवा मृत्यू.) सर्वच प्रतिपिंडे अशी फळत नाहीत; पेम्ब्रोलिझुमॅबच्या तशाच चाचणीत हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीस उतरला नाही. शिवाय चेतविलेली प्रतिकारशक्ती कधी आतडे, फुप्फुस किंवा अवटु ग्रंथीवरही उलटते.

जयपुरातील सवाई मानसिंह रुग्णालयाच्या आवारात दूरदूरच्या जिल्ह्यांतून आलेले रुग्ण व त्यांचे आप्त दिसतात. नव्या औषधाची वार्ता त्यांच्या कानी जाते, आणि ते परवडत नाही म्हणजे आता सारे संपले, असे घरोघरी धरले जाते. ही समजूत मला रोगाइतकीच घातक वाटते. मॅजिकमधील औषधे स्वतंत्र उत्पादकांनी बनविलेल्या स्वरूपात मिळतात; त्यांनी घडविलेला लाभ क्षुल्लक नव्हे. महाग प्रतिपिंडाच्या शोधात आठवडे घालवून हे उपचार लांबविणे, किंवा घाईने थेट शस्त्रक्रिया उरकणे, यात रुग्णाचे अधिक नुकसान आहे.

परंतु गरिबाने एवढ्यावरच समाधान मानावे, असे मी म्हणणार नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने डोके व मान यांच्या प्रगत कर्करोगात निव्होलुमॅब तीन आठवड्यांतून एकदा अवघे 20 मिलिग्रॅम देऊन पाहिले. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत वर्षअखेर जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण शेकडा 16 वरून 43 वर गेले. त्यावरून जठराविषयी निष्कर्ष काढता येणार नाही. तेथे स्वतंत्र चाचणीच हवी. कमी औषध खपावे यासाठी कोणता कारखानदार पैसा खर्च करील? मुंबई आणि जयपूर येथील सार्वजनिक रुग्णालयांनी एकत्र येऊन ती हाती घ्यावी, आणि तिचा खर्च सरकारने उचलावा.