विश्लेषण : मधपेटी एकाची, फुले साऱ्या शिवाराची... 'मधाचे गाव' चालते कसे?

महाबळेश्वर तालुक्यातील मांघर १६ मे २०२२ रोजी देशातील पहिले 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. पाठोपाठ कोल्हापूर जिल्ह्याच्या भुदरगड तालुक्यातील पाटगावचे नाव पुढे आले. त्यामुळे 'आपल्या गावात असा गट का होऊ नये?' हा प्रश्न सातारा-सांगलीतील शेतकरी आणि बचत गटांना पडणे साहजिक आहे. पेट्या मिळू शकतात, अनुदानही आहे. तरीही गट टिकेल की नाही, हे पेटीबाहेरच्या गोष्टींवर ठरते. त्या कोणत्या?

मांघरमध्ये नेमके काय झाले?

तत्कालीन उद्योगमंत्री सुभाष देसाई यांच्या हस्ते 'मधाचे गाव' उपक्रमाचे उद्घाटन झाले. राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळ आणि मंडळाचे महाबळेश्वर येथील मध संचालनालय यांचा हा उपक्रम. मात्र गावात मधमाशा त्या दिवशी आल्या नाहीत. मांघरमधील बहुसंख्य कुटुंबे आधीपासूनच मधपाळ होती. महाबळेश्वर परिसरात सरकारी पातळीवर मधमाशीपालनाचे काम १९४६ पासून सुरू आहे. 'मधुसागर' नावाने ओळखली जाणारी मधोत्पादकांची सहकारी सोसायटीही इथलीच. शिवाय गावाभोवती जांभूळ, हिरडा, गेळा आणि कारवीचे जंगल आहे.

म्हणजे फुलोरा, जाणकार माणसे आणि मध विकत घेणारी व्यवस्था या तीन गोष्टी आधीच होत्या. 'मधाचे गाव' या नावाने त्यांना ओळख आणि पर्यटनाची जोड दिली. इतर गावांनी मांघरकडे पाहताना हा क्रम लक्षात ठेवायला हवा.

एका पेटीला किती शिवार लागते?

आपल्याकडील सातेरी माशी साधारण एक किलोमीटरच्या परिसरात अन्न शोधते. पेटी मध्यभागी धरून एक किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले, तर क्षेत्र भरते सुमारे ३१४ हेक्टर, म्हणजे जवळपास पावणेआठशे एकर. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रात सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर आहे. या हिशेबाने एका पेटीतील माशा सुमारे २३० खातेदारांच्या रानात फिरतात.

सामूहिक गटाची खरी गरज इथे आहे. पेटी एकाच्या बांधावर असते, पण तिचे खाद्य आणि तिच्यावरचा धोका शेकडो लोकांच्या हातात असतो. दहा जणांनी मिळून पेट्या घेतल्या आणि उरलेल्या गावाला कल्पनाच नसेल, तर तो गट कागदावर सामूहिक राहतो.

सातेरी की मेलिफेरा?

सातेरी ही स्थानिक माशी. सह्याद्रीतील हवामान आणि जंगलाला सरावलेली. एका पेटीतून वर्षाला साधारण पाच ते दहा किलो मध मिळतो. युरोपीय मेलिफेरा माशी २५ ते ४० किलोपर्यंत मध देते, पण त्यासाठी पेट्या फुलोऱ्यामागे ट्रकने फिरवाव्या लागतात. खर्च, मजुरी आणि जोखीम त्या प्रमाणात वाढते.

महाबळेश्वर, जावळी, पाटण किंवा सांगलीतील शिराळा या डोंगरी पट्ट्यात घराजवळ पाच-दहा पेट्या ठेवणाऱ्यांसाठी सातेरी सोयीची. सूर्यफूल, मका, डाळिंब अशा सलग पिकांच्या भागात आणि स्थलांतराची तयारी असेल तर मेलिफेराचा विचार होतो. आग्या माशी पेटीत राहत नाही. तिच्या पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापून पिल्लांचा भाग तसाच ठेवण्याचे तंत्र आहे, पण ते प्रशिक्षणाशिवाय करू नये.

सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यात फायदा कुणाला?

आटपाडी, जत, कवठेमहांकाळ भागात डाळिंबाच्या बागा आहेत. डाळिंबाच्या झाडावर नर आणि द्विलिंगी अशी दोन्ही प्रकारची फुले येतात. परागीभवनासाठी माशा आल्या तर फळधारणा सुधारते. सूर्यफूल आणि कांदा बीजोत्पादनातही माशीचे काम महत्त्वाचे. त्यामुळे या भागात मधमाशीचे मोल मधापेक्षा परागीभवनात जास्त आहे. इथल्या गटाने 'किती किलो मध निघाला' एवढाच हिशेब ठेवला, तर धंदा तोट्यात दिसेल. बहाराच्या काळात बागायतदाराकडून पेटीमागे भाडे घेण्याची पद्धत त्यासाठीच.

अडचण द्राक्षांची आहे. द्राक्षाला फळधारणेसाठी माशीची फारशी गरज नसते. मात्र ऑक्टोबर छाटणीनंतर बागेत फवारण्यांचे वेळापत्रक सुरू होते. फवारणी करणाऱ्याला माशीपासून थेट लाभ नाही आणि माशी मेली तर नुकसान शेजारच्या डाळिंबवाल्याचे किंवा मधपाळाचे. अशा वेळी केवळ प्रबोधनाने फारसे साधत नाही. द्राक्ष बागायतदारालाही गटात जागा, भाड्यात वाटा किंवा ग्रामसभेच्या ठरावाने बांधलेली जबाबदारी द्यावी लागते.

फवारणीचा तिढा सुटू शकतो का?

पूर्ण नाही, पण नुकसान कमी करता येते. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम यांसारखी निओनिकोटिनॉइड गटातील कीटकनाशके माशांना विशेष घातक मानली जातात. युरोपीय संघाने २०१८ मध्ये या गटातील तीन कीटकनाशकांच्या उघड्यावरील वापरावर बंदी घातली. आपल्याकडे ती वापरात आहेत.

गटाला तीन नियम करता येतात. पीक फुलोऱ्यात असताना ही औषधे टाळायची. फवारणी करायचीच असेल तर माशा पेटीत परतल्यावर, सूर्यास्तानंतर करायची. आणि आदल्या दिवशी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गट क्रमांक, औषधाचे नाव व वेळ टाकायची. निरोप वेळेत मिळाला तर मधपाळ रात्रीच पेटीच्या तोंडाला जाळी लावू शकतो किंवा पेट्या दूर हलवू शकतो. मात्र पेटी फार वेळ कोंडता येत नाही. हवा आणि पाणी मिळाले नाही तर माशा आतच गुदमरतात.

सरकारी मदत काय मिळते?

खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या मध केंद्र योजनेत ५० टक्के अनुदान आणि ५० टक्के स्वगुंतवणूक असते. वैयक्तिक मधपाळासाठी अर्जदार साक्षर आणि १८ वर्षांवरील असावा. त्याला १० दिवसांचे प्रशिक्षण मिळते. केंद्रचालकासाठी किमान दहावी पास, वय २१ पेक्षा जास्त आणि स्वतःची किंवा भाड्याची एक एकर शेतजमीन अशा अटी आहेत. संस्थेला नोंदणी, एक एकर जमीन आणि एक हजार चौरस फुटांची इमारत दाखवावी लागते. मंडळाने ठरवलेल्या ठिकाणी प्रशिक्षण घेणे आणि व्यवसाय सुरू करण्याचे बंधपत्र देणे बंधनकारक आहे. हमीभावाने मध खरेदीचीही तरतूद आहे.

केंद्र सरकारचे ५०० कोटी रुपयांचे राष्ट्रीय मधमाशीपालन व मध अभियान वेगळे आहे. त्यातील लाभासाठी 'मधुक्रांती' पोर्टलवर नोंदणी उपयोगी पडते. गटाला सहकारी संस्था करायची असेल तर वेगवेगळ्या कुटुंबांतील किमान दहा सभासद लागतात. शेतकरी उत्पादक कंपनीसाठीही किमान दहा उत्पादक हवेत. सुरुवात मात्र साध्या बचत गटानेही करता येते.

मध काढल्यावर खरी परीक्षा का सुरू होते?

एकत्र विक्री करायची तर सर्वांचा मध एकाच टाकीत जातो. एकाची चूक सर्वांना भोवते. एफएसएसएआयच्या मानकांनुसार मधात पाण्याचे प्रमाण २० टक्क्यांपेक्षा जास्त नसावे. सातेरीचा मध मुळात पातळ असतो. घाईने, घरे मेणाने बंद होण्याआधी काढला तर तो आंबतो.

दुसरा मुद्दा साखरेचा. पावसाळ्यात फुले नसताना माशांना साखरेचा पाक द्यावा लागतो. पण फुलोरा सुरू झाल्यावरही कुणी पाक चालू ठेवला, तर ती साखर मधात उतरते. उसाची साखर प्रयोगशाळेत ओळखता येते आणि संपूर्ण टाकी नापास होते. २०२० मध्ये 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट' या संस्थेने १३ ब्रँडचा मध तपासला तेव्हा एनएमआर चाचणीत केवळ तीन ब्रँड उत्तीर्ण झाले होते. तेव्हापासून शुद्धतेबद्दल ग्राहक अधिक सावध आहे. गावचा मध त्या विश्वासावरच विकला जातो.

एक अपवाद महाबळेश्वरकरांनी लक्षात ठेवावा. कारवीच्या मधात सुक्रोज नैसर्गिकरीत्याच जास्त असते. म्हणून मानकांत इतर मधाला ५ टक्के, तर कारवीच्या मधाला १० टक्के मर्यादा आहे. कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते. त्या हंगामातील मध वेगळा काढून, वेगळे लेबल लावून विकला नाही, तर अस्सल मधावरही भेसळीचा शिक्का बसू शकतो.

त्यामुळे गटाकडे सामाईक मधयंत्र, पाण्याचे प्रमाण मोजणारे रिफ्रॅक्टोमीटर, प्रत्येक सभासदाच्या मधाचा बॅच क्रमांक आणि पाक दिल्याच्या तारखांची वही हवी.

पैशांचे गणित जमते का?

समजा, एका कुटुंबाकडे सातेरीच्या दहा पेट्या आहेत. पेटीमागे सहा किलो धरले तर वर्षाला ६० किलो मध. किलोला ५०० रुपये मिळाले तर ३० हजार रुपये. यातून पाक, पेटीची दुरुस्ती आणि गेलेल्या वसाहतींचा खर्च वजा करायचा. म्हणजे हा घर चालवणारा नव्हे, शेतीला हातभार लावणारा धंदा आहे. परागीभवनाचे भाडे, मेण आणि मध पर्यटन यातून आकडा वाढतो. पाटगावला २०२३ मध्ये केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या सर्वोत्कृष्ट पर्यटन गाव स्पर्धेत कांस्य पुरस्कार मिळाला, ही त्या दिशेची खूण.

गट अडचणीत कुठे येतो?

पहिला कठीण काळ पहिल्या पावसाळ्यात येतो. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्या महिन्यांत माशा बाहेर पडू शकत नाहीत. वेळेवर पाक दिला नाही तर वसाहती मरतात किंवा पेटी सोडून जातात. अनुदान घेऊन ठेवलेली रिकामी पेटी हा त्याचाच परिणाम.

दुसरा धोका रोगाचा. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला थाई सॅकब्रूड या विषाणूने दक्षिण भारतातील सातेरीच्या वसाहतींचा मोठ्या प्रमाणावर फडशा पाडला. या रोगावर औषध नाही. बाहेरून आणलेली एक रोगट वसाहत गावभर संसर्ग पसरवू शकते. म्हणून कोणाकडून वसाहती घ्यायच्या, हा निर्णय गटाने मिळून घ्यायला हवा. झाडाच्या ढोलीतील वसाहती पकडून पेट्या भरत राहण्याऐवजी सशक्त वसाहतींचे विभाजन करणे जास्त शहाणपणाचे.

मग सुरुवात कशी करावी?

आधी वर्षभराचे फुलोरा कॅलेंडर बनवा : कोणत्या महिन्यात कोणते झाड, कोणते पीक फुलते आणि कोणते महिने कोरडे जातात. मग एक किलोमीटरच्या वर्तुळात कोण कधी काय फवारतो, त्याची यादी करा. या दोन कागदांवर ग्रामसभेत चर्चा होऊन फवारणीचे नियम ठरले, तरच प्रशिक्षणासाठी अर्ज करा. पहिल्या वर्षी प्रत्येकी दोन-तीन पेट्या पुरेत. पावसाळा पार केलेल्या वसाहती मोजूनच पुढची खरेदी ठरवावी.