आधी कळणे आणि आधी जपणे

नोकरदाराच्या घरात ‘प्रॉव्हिडंट फंड’ हा शब्द शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. मुलीचे लग्न, घराचे छप्पर, म्हातारपण, सारे त्याच्याच भरवशावर. पण या शब्दाचे घराणे फार जुने आहे. लॅटिन भाषेत ‘प्रोविदेरे’ म्हणजे पुढचे पाहणे आणि पाहून त्याची तजवीज करणे. त्यातला ‘विद्’ आपल्या विद्या आणि वेद या शब्दांचा भाऊबंद! त्यावरून आलेला ‘प्रोविदेन्तिया’ हा शब्द पुढे ख्रिस्ती धर्मविचारात ईश्वराच्या पालनकर्त्या योजनेसाठी रूढ झाला. आपल्याकडचा ‘योगक्षेम’ त्याच्या जवळचा. मुंबईतील आयुर्विमा महामंडळाच्या मुख्य कार्यालयाचे नावच ते आहे. लॅटिनमध्ये दुसरा एक शब्द आहे, ‘प्रेस्किएन्तिया’, म्हणजे नुसते आधी ठाऊक असणे.

देवाला सगळे आधीच ठाऊक असेल, तर माणसाच्या हाती काय उरले? सहाव्या शतकात बोएथियस या रोमन पंडिताने तुरुंगात, मरण समोर दिसत असताना, हा प्रश्न सोडवायला घेतला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की जाणणे म्हणजे घडवणे नव्हे. रस्त्याने जाणारा माणूस आपल्याला दिसतो, पण आपण पाहतो म्हणून काही तो चालत नाही.

हे दोन शब्द वर्गात समजावताना मला भोपाळ आठवते. तिथल्या युनियन कार्बाइडच्या कारखान्यात डिसेंबर १९८१ मध्ये फॉस्जीन वायूने एका कामगाराचा बळी घेतला. मे १९८२ मध्ये कंपनीच्याच अमेरिकन तज्ज्ञांनी पाहणी करून त्रुटी दाखवल्या. त्याच वर्षी पत्रकार राजकुमार केसवानी यांनी आपल्या ‘रपट’ या छोट्या साप्ताहिकात शहराला धोक्याचा इशारा दिला, १९८४ च्या जूनमध्ये ‘जनसत्ता’त पुन्हा दिला. त्यांच्यापाशी ना पंचांग होते, ना सिद्धी. त्यांनी कागद वाचले आणि कामगारांना विचारले, एवढेच.

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री मिथाइल आयसोसायनेट सुटला, तेव्हा टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती आणि वायू जाळून टाकणारा मनोराही बंद होता. सुरुवातीचा सरकारी आकडाच २,२५९ मृत्यूंचा होता. पुढे तो वाढतच गेला.

म्हणून भोपाळला कुणी ‘विधिलिखित’ म्हटले, की मला राहवत नाही. लिहिलेले होते खरे, पण ते माणसांनी कागदावर लिहिले होते आणि वाचणाऱ्यांनी बाजूला ठेवले. प्रेस्किएन्तिया होती, प्रोविदेन्तिया नव्हती. केसवानी २०२१ मध्ये गेले. आपले इशारे खरे ठरल्याचे समाधान अशा माणसाला कसे मिळणार?

वाचकहो, श्रद्धा जरूर ठेवावी. पण आपल्या गावात शाळेच्या मोडकळलेल्या भिंतीबद्दल किंवा तलावाच्या फुटक्या बांधाबद्दल कुणी अर्ज घेऊन आला, तर त्याला अपशकुनी म्हणू नये. अर्ज वाचावा आणि गवंडी बोलवावा.