शिवनेरी वर, जुन्नर खाली

तुमचा जुन्नरचा प्लॅन मी न विचारता सांगू शकते. शनिवारी पहाटे निघायचं, मंचरला मिसळ हाणायची, शिवनेरी चढायचा, शिवजन्मस्थानापाशी फोटो काढायचे, मग लेण्याद्री, दुपारी मासवडीचं ताट आणि अंधार पडायच्या आत पुण्यात परत. बरोबर ना? या सगळ्यात जुन्नर नावाचं गाव कधी लागतं? लागतं की... गाडी हळू करावी लागते तेव्हा!

हसू नका, मीही त्यातलीच. आणि माझ्या बाबांचं तर हे गाव. कल्याण पेठेपलीकडच्या एका बोळात आमचा जुना वाडा आहे. लहानपणी मे महिन्यात तिथे आंबे खाल्ले, माळ्यावर लपाछपी खेळले. मग दहावी, बारावी, मास कॉम, डेडलाइन्स... गेल्या दहा वर्षांत शिवनेरीवर मी चार-पाचदा तरी गेले असेन. वाड्यात एकदाही नाही.

बाबा गेल्यापासून त्यांच्या हिश्श्यावर माझं नाव लागलंय. त्यामुळे परवा काकांचा फोन आला, "रविवारी ये गं. वाड्याचं ठरवायचंय. बिल्डर येणार आहे, तुझी सही लागेल."

आषाढातला रविवार. धो धो पाऊस आणि त्यात आठवड्याचा बाजार. बैठक दुपारची होती, म्हणून काका म्हणाले, "चल, तुला तुझंच गाव दाखवतो." एक छत्री, दोन माणसं. पश्चिमेकडच्या आदिवासी वाड्यांमधून आलेल्या बायका रानभाज्यांचे वाटे मांडून बसल्या होत्या. त्यांच्या मागे दगडी जोत्यांची, लाकडी खांबांची घरं. खाली दुकान, वर घर. पुण्यात असं काही दिसलं की आपण लगेच कॅमेरा काढतो. इथे त्या नक्षीदार खांबाला कुणीतरी रेनकोट वाळत घातला होता.

"कल्याण पेठ हे नाव ऐकून काय वाटतं?" काकांनी विचारलं. आयुष्यभर शाळेत शिकवलेल्या माणसाबरोबर फिरायचं म्हणजे तोंडी परीक्षा असतेच.

मी म्हटलं, "कल्याणची लोकल."

"अगदी बरोबर!"

चेष्टा नव्हती ती. कल्याण आणि सोपारा ही कोकणातली बंदरं. तिथून माल नाणेघाट चढून वर यायचा आणि घाटमाथ्यावरची पहिली मोठी बाजारपेठ म्हणजे जुन्नर. हे दोन हजार वर्षांपूर्वीचं, सातवाहनांच्या काळातलं. नाणेघाटात राणी नागनिकेचा शिलालेख आहे आणि ट्रेकला गेल्यावर तुम्ही ज्याला टेकून फोटो काढता, तो दगडी रांजण जकातीचा होता असं सांगतात. थोडक्यात, टोलनाका आपल्याकडे नवा नाही!

जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून जास्त लेणी आहेत. आपल्याला वाटतं, राजांनी खोदली असतील. काकांनी सांगितलं ते ऐकून मी उडालेच. एका शिलालेखात धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे आजच्या भाषेत व्यापारी संघटनेने, सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दान दिल्याची नोंद आहे. बांबूकाम करणारे आणि कासार यांच्या श्रेणींचेही उल्लेख आहेत. तीन लेखांमध्ये तर दान देणारे चक्क यवन आहेत. म्हणजे डोंगरातल्या त्या शांततेचा खर्च खालच्या गजबजाटाने उचलला होता.

पुढचा पाहुणा अजून लांबचा. अफनासी निकितिन, रशियातल्या त्वेरचा व्यापारी. वास्को द गामा भारतात आला 1498 मध्ये, हा त्याच्या जवळजवळ तीस वर्षं आधी. चौलला उतरला आणि विकायला आणलेला एक घोडा घेऊन जुन्नरपर्यंत आला. इथे त्याला गाठलं पावसाने. रात्रंदिवस पाणी आणि चिखल, असं त्याने लिहून ठेवलंय. त्यात इथल्या बहमनी सुभेदाराने, असद खानाने, घोडाच काढून घेतला. धर्म बदल, घोडाही देतो आणि हजार मोहराही, नाहीतर घोडा गेलाच, वर हजारांचा दंड. मुदत चार दिवसांची. शेवटी खोजा मुहम्मद नावाच्या एका वजनदार माणसाने मध्यस्थी केली आणि घोडा सुटला. के. ए. अब्बास यांचा 1957 चा 'परदेसी' सिनेमा याच निकितिनवर आहे. नर्गिस होती त्यात!

पुढे 1490 मध्ये मलिक अहमदने निजामशाहीचा कारभार इथूनच सुरू केला, अहमदनगर नंतर वसलं. 1630 मध्ये शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला, हे सांगायला नको. पण 1657 मध्ये त्याच महाराजांनी मोगलांच्या ताब्यातल्या जुन्नरवर छापा घातला, हे किती जणांना आठवतं? दोरांच्या शिड्या लावून रातोरात तटावर चढले आणि तीन लाख होन, दोनशे घोडे घेऊन गेले. पेठेत माल होता म्हणून लूट मिळाली. किल्ला मात्र त्यांच्या हयातीत स्वराज्यात आलाच नाही.

एव्हाना आम्ही निम्मे भिजलो होतो. घरी आलो तर बिल्डर बसलेला. समोर चकचकीत ब्रोशर. इमारतीच्या नावात 'हेरिटेज' आणि कव्हरवर... ओळखा बघू? शिवनेरी! 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा ठरवलं, त्यात शिवनेरी आला. तेव्हापासून इथे भाव वाढलेत, असं तो आनंदाने सांगत होता.

माझ्यातली पत्रकार जागी झाली. "काका, अहो, अशी घरं परत बांधता येणार नाहीत. जगभर लोक जुन्या पेठा जपतात आणि आपण..."

काकू पोह्यांच्या बश्या ठेवत होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "छान बोलतेस गं. आता वर जाऊन बघ, कौलांखाली किती पातेली लावलीत. सात. रात्री उठून ती ओतायला कोण जातं? ये ना, चार महिने राहा. मग सांग जपायचं की नाही."

मी गप्प. काय बोलणार? माझ्यासाठी तो वाडा म्हणजे मे महिना होता. त्यांच्यासाठी पावसाळा.

मग काकांनी ट्रंकेतून एक कागद काढला. मोडीतला, आमच्या वाड्याच्या खरेदीचा. "जुन्नरी कागद," ते म्हणाले. इथले कागदी जुन्या चिंध्या, गोणपाट चुन्यात भिजवून, कुटून लगदा करायचे, खळ लावून दगडाने घोटून कागद गुळगुळीत करायचे. मराठेशाहीत त्याला मोठा मान होता. पुण्यातला कागदीपुरा माहितीये ना? तो इथून गेलेल्या कागद्यांनीच वसवला. गिरणीचा कागद आला आणि हा धंदा बसला. पण हा तुकडा बघा, शाई अजून काळीभोर.

विकणाऱ्याचं नाव काकांनी वाचून दाखवलं. मी ते कधीच ऐकलं नव्हतं. तोवर मला वाटायचं, हा वाडा कायम आमचाच होता.

तर दोस्तांनो, मी सही केली. खोटं कशाला बोलू? फक्त दोन गोष्टी लिहून घेतल्या. पाडायच्या आधी वाड्याचं मोजमाप आणि फोटो नीट करून ठेवायचे. आणि खाली रस्त्याच्या बाजूला पार्किंग नाही, दुकानाचेच गाळे. पहिल्या अटीला बिल्डर लगेच हो म्हणाला. दुसरीला अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासात माझ्या बाजूने सगळ्यात जोरात कोण भांडलं असेल? काकू!

तुम्हाला एवढंच सांगायचंय. 2018 मध्ये सरकारने जुन्नरला पर्यटन तालुका जाहीर केलं, पण पर्यटक अजून डोंगरच बघून जातात. पुढच्या वेळी रविवार धरा. किल्ला सकाळी उरका, गाडी गावाबाहेर ठेवा आणि दोन तास पेठेत चाला. वर, खिडक्यांकडे बघत चाला. काहीतरी विकत घ्या, भाजीचा एक वाटा का होईना. ही पेठ दोन हजार वर्षं गिऱ्हाइकांवरच चाललीये.

आणि पावसाळ्यात गेलात तर चपला जुन्या घाला. चिखलाबद्दल निकितिनने लिहिलेलं अजूनही खरं आहे.