झोपेचा हक्क चौथीपर्यंतच?

चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ पूर्वी भरवू नयेत, असा आदेश महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढला. तो स्वागतार्हच, पण चौथीपाशी का थांबला? वयात येताना झोपेची नैसर्गिक वेळ तास-दोन तास पुढे सरकते. झोपेची गरज मात्र ८ ते १० तासांची राहते. रात्री ११ पर्यंत डोळा न लागणाऱ्या मुलाला पहाटे ५ ला उठवायचे आणि वर आळशी म्हणायचे, हा अन्याय होय. कॅलिफोर्नियात २०२२ पासून नववी ते बारावीच्या बहुतेक शाळांना साडेआठपूर्वी भरण्यास कायद्याने मनाई आहे. आपल्याकडे अनेक शाळा जागेअभावी दोन पाळ्यांत भरतात. म्हणजे प्रश्न मुलांच्या शिस्तीचा नसून सार्वजनिक खर्चाचा आहे. वर्गखोल्यांवरील काटकसर मुलांच्या झोपेतून वसूल करण्याचा अधिकार कोणत्याही शासनाला नाही.